बारा अठ्ठावन्न ते एक

बबनभाऊंनी कुणाला रामराम केल्याचं मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. माणूस समोर आला की ते थेट विचारतात, "दिसून राह्यलं का?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात, एस.टी.च्या खिडकीतून डोकं काढणाऱ्या अनोळखी प्रवाशालाही विचारतात. आमच्या गल्लीतल्या देशमुखांचे वडील वारले, तेव्हा बबनभाऊ भेटायला आले. दाराशी मान खाली घालून उभे राहिले. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मग थोरल्या देशमुखांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "दिसून राह्यलं का?" देशमुख "हो" म्हणाले. नंतर कळलं की सुतक असल्यामुळे त्यांच्या घरचा टीव्ही तीन दिवस बंदच होता.

जे दिसायला हवं ते म्हणजे बबनभाऊंचं टेशन. मानोऱ्याच्या आमच्या गल्लीत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागे एक खोली, खोलीत एक कॉम्प्युटर, एक कॅमेरा, मागे लावायला निळी चादर आणि केबलवर आमच्या गावासाठी मिळालेला एक नंबर, एवढ्यावर हे टेशन चालतं. त्याला भारदस्त नाव आहे, पण ते पावतीपुस्तकाच्या बाहेर कधी आलं नाही. गावात आणि केबलची तार पोचलेल्या जवळच्या दोन तांड्यांवर सगळे त्याला टेशनच म्हणतात.

माझा या टेशनाशी संबंध अक्षरामुळे आला. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. नोकरीनिमित्त साताऱ्याकडून इकडे आलो तो इथलाच झालो. अक्षर बरं आहे, हा माझा एकमेव गुण बबनभाऊंनी हेरला आणि दर रविवारी संध्याकाळी आठवड्याची कार्यक्रमपत्रिका लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात टाकलं. मी सहा प्रती लिहायच्या आणि त्यांनी त्या दुकानावर, पाराजवळ, बस स्टँडवर, न्हाव्याकडे आणि दोन्ही तांड्यांवर चिकटवायच्या. पुढे मी बोलायलाही लागलो. शनिवारी साडेअकराला 'गणित सोपे आहे' हा माझा कार्यक्रम असतो. तो किती लोक पाहतात ते बबनभाऊंना ठाऊक आहे, पण माणूस सज्जन असल्याने त्यांनी मला ते कधी सांगितलं नाही.

यंदा माघात केबलच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. येत्या रविवारी दुपारी एकपासून आमच्या नंबरावर दुसरी वाहिनी लागणार होती. लोक आता सगळं मोबाइलवर पाहतात, गावातल्या वाहिनीची गरज राहिली नाही, असं तिकडच्या साहेबांचं म्हणणं होतं. बबनभाऊंनी फोन उभ्यानेच ऐकला. मग माझ्याकडे येऊन उभ्यानेच म्हणाले, "लिहा सर पत्रिका. हर हप्त्याले लिहिता तशीच लिहा. कमी-जास्त काही नोका करू."

उभ्यानेच, हे मी मुद्दाम लिहितोय. हा माणूस बसत नाही. जेवताना ताट हातात घेऊन अंगणात फिरतो. चहा दोन घोटांत संपवून कप परत देताना पाय दाराबाहेर असतो. टेशनात एक लोखंडी स्टूल आहे, त्यावर बबनभाऊंना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला स्वतःला बसायला आवडतं, दुपारी आडवं व्हायलाही आवडतं, त्यामुळे त्यांच्या सोबतीत मला नुसतं बघूनच दम लागतो.

दाढीपुरतं मात्र त्यांना बसावं लागतं. एकदा दाढी करताना न्हाव्याच्या टीव्हीवरचं चित्र हललं. बबनभाऊ गळ्यात पांढरं कापड आणि अर्ध्या तोंडाला साबण अशा अवताराने खुर्चीतून उठले ते थेट बस स्टँडपलीकडच्या खांबापर्यंत गेले. तिथे जोडणी नीट करून परत येताना त्यांना तहसीलदार भेटले. बबनभाऊंनी त्यांनाही विचारलं, "साहेब, दिसून राह्यलं का?" तहसीलदार नवीन होते. त्यांनी आपला चष्मा काढून पुसला.

गंमत अशी की टेशन चालवणारा हा माणूस टेशन बघत नाही. कार्यक्रम लावला, की तो मला कॉम्प्युटरपाशी बसवून गल्ल्या फिरायला जातो. खिडक्यांमधून येणाऱ्या आवाजावरून कुणाच्या घरी काय चालू आहे ते त्याला कळतं. परत आला की हजेरी सांगतो. "हबीबभाईच्या घरी लागून हाय. पाटलाच्या घरी लागून हाय, पन आवाज बारीक केला, झोपली असन म्हातारी. देशमुखाइनं दुसरंच लावलं." असं दुसरं लावलेल्या घराशी तो तीन दिवस बोलत नाही. त्या घरच्यांना आपला गुन्हा माहीतच नसतो.

तर त्या शेवटच्या आठवड्याचीही पत्रिका मी नेहमीसारखी लिहिली. सोमवारी बाजारभाव. हे बबनभाऊ स्वतः वाचतात, अर्थात उभ्याने, त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांचं डोकं अधूनमधून चौकटीबाहेर जातं. सोयाबीनचा भाव पडलेला असला की त्यांना तो वाचवत नाही. "सोयाबीन..." म्हणून थांबतात, कागदाकडे पाहतात आणि "तुरीकडे येऊ" म्हणतात. शेतकरी त्यावरूनच समजून जातात आणि आणखी आकडा विचारत बसत नाहीत.

मंगळवारी 'हरवले-सापडले'. या कार्यक्रमाने खरं तर गाव बांधून ठेवलंय. बस स्टँडवर सापडलेली कवळी आम्ही तीन मंगळवार दाखवली. चौथ्या मंगळवारी मेडशीहून एक गृहस्थ तोंडावर रुमाल धरून आले आणि न बोलता घेऊन गेले. एकदा सापडलेली शेळी मालक येईपर्यंत टेशनात बांधली होती, तिने बुधवारपासूनची पत्रिका खाल्ली. बाकीच्या पाच प्रती गावभर होत्या हे कुणाला सुचलं नाही; त्या आठवड्यात पुढचं सगळं बबनभाऊंच्या आठवणीवर चाललं आणि गुरुवारचं भजन शुक्रवारी लागलं. भजनी मंडळ अजून माझ्याकडे संशयाने बघतं.

बुधवारी जुनी लग्नं. ज्याला आपल्या लग्नाची कॅसेट पुन्हा गावाला दाखवायची असेल त्याने आणून द्यावी. यातून दोन घरांत भांडणं लागली आणि एका घरातलं मिटलं. शुक्रवारी शिंपीकाम करणारे हबीबभाई पेटीवर कव्वाली म्हणतात. शेवटच्या शुक्रवारी ते म्हणताना मध्येच थांबले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "बबन, इस गाँव में मेरे कू गवैया बोलने वाला तू एकलाच था." बबनभाऊ तेव्हा तिसऱ्या गल्लीत होते. त्यांनी ते कुणाच्या तरी खिडकीतून ऐकलं असणार, कारण परत आले ते हजेरी न सांगताच पुन्हा बाहेर गेले.

पण टेशनाचा खरा जीव रविवारी बारा ते एक. त्या कार्यक्रमाचं नाव 'खुशाली'.

दिवाळी झाली की तांड्यांवरची तरणी माणसं ऊसतोडीला जातात. टोळ्या पश्चिमेकडे फडावर जातात आणि पार उन्हाळा लागला की परततात. मागे म्हातारीकोतारी उरतात. मोबाइल असतो, पण तो तरण्यांच्या खिशात, फडावर. म्हाताऱ्यांकडे असतो तो साधा, बोलण्यापुरता. आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी सकरीबाई नावाची म्हातारी तांड्यावरून चालत दुकानात आली आणि म्हणाली, "भाऊ, तुया टीव्हीत सारं दिसते. मायं पोरगं नाई दिसत का?" बबनभाऊंनी दुकानात चार फेऱ्या मारल्या, आणि त्या रविवारपासून खुशाली सुरू झाली. फडावरून लोक बबनभाऊंच्या मोबाइलवर आपलं चित्रण पाठवतात. एका घराला दोन मिनिटं. "आई, मी खुशाल हाओ. गोळ्या घेत जा. शेरडू विकू नोको." इतकंच असतं. ते आम्ही टेशनावर लावतो आणि तांड्यावर नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर टीव्ही मांडून सगळे बघतात. त्या तासाला बबनभाऊ तांड्यापर्यंत चालत जाऊन येतात, तिथे खिडक्या नाहीत तरी.

या खुशालीच्या शेवटी पत्रिकेत एक ओळ असते. ती मी अलीकडची दोन-तीन वर्षं दर आठवड्याला लिहीत आलोय. 'रविवार, १२.५८ ते १.००, राखीव.' त्या दोन मिनिटांत पडद्यावर काहीच नसतं. नुसता निळा रंग. एकदा खताच्या दुकानवाल्याने त्या वेळेत आपली जाहिरात लावायला सांगितलं, चांगले पैसे देतो म्हणाला. बबनभाऊ नाही म्हणाले. तो गेल्यावर मी विचारलं की हे राखीव आहे तरी कुणासाठी. बबनभाऊ दाराकडे जात होते. थांबले नाहीत, जाता जाताच बोलले.

"प्रशांतसाठी."

प्रशांत हा त्यांचा एकुलता मुलगा. त्याची गोष्ट सांगताना मला माझीही लाज वाटते, म्हणून लवकर सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी त्याने पोलीस भरतीसाठी जीव तोडून तयारी केली होती. मैदानी परीक्षेच्या यादीत त्याचं नाव आलं. पुढे लेखी व्हायची होती, पण यादीत नाव दिसल्यावर बबनभाऊंना पुढचं काही दिसलं नाही. त्यांनी फोटो स्टुडिओत जाऊन पोराचं डोकं कुणाच्या तरी वर्दीवर बसवून आणलं. मानेचा रंग जरा वेगळा आला होता, पण लांबून चालून जात होतं. आणि सलग सात दिवस, दर पंधरा मिनिटांनी टेशनावर लागत राहिलं : 'चि. प्रशांत याची पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त गावकरी.' आपण शुभेच्छुक आहोत हे गावकऱ्यांना टीव्हीवरूनच कळलं. हा मजकूर माझ्या हातचा. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

प्रशांत त्या आठवड्यात धनजला मामाकडे होता. परत आला तर बस स्टँडवर त्याला हार घातला गेला. त्याने घरी येऊन डोकं धरलं. बबनभाऊ म्हणाले, "होईनच ना बावा. आज नाई तं उद्या." अंतिम यादीत त्याचं नाव नव्हतं. नंतर महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, "कधी हजर व्हा लागते?" काहींना माहीत होतं, तेही विचारायचे. एका सकाळी तो बॅग घेऊन पुण्याला निघाला. मी दुकानात होतो. तो दाराशी थांबला आणि शांतपणे बोलला, "बाबा, तुमच्या टेशनावर माया फोटो पुन्हा दिसला, तं मी या गावात पाय नाई ठेवनार." बबनभाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदा एकाच जागी बराच वेळ उभं राहून दाखवलं.

तिकडे तो कुठल्याशा कंपनीत लागला. आईला रोज संध्याकाळी फोन करतो. वहिनी स्वयंपाकघरात बोलतात, तेव्हा बबनभाऊ अंगणात फेऱ्या घालतात. वहिनी फोन पुढे करतात, पण तोवर तिकडून ठेवलेला असतो.

"त्याचा फोटो आपन लावू शकत नाई, सर," राखीवबद्दल विचारलं त्या दिवशी दारातून वळून बबनभाऊ म्हणाले होते. "शब्द देल्ला. पन त्यानंच सोता काई पाठोलं तं? जागा पायजे ना."

त्यानंतर मी ती ओळ लिहिताना पेन बदलायला लागलो. बाकी पत्रिका निळ्या शाईत, ती ओळ काळ्या. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्याच्या शनिवारी, माझं गणित संपल्यावर, माझ्या मोबाइलवर फोन आला. टोळीचा मुकादम बोलत होता. टेशन बंद होतंय हे फडावर पोचलं होतं. "सर, आमी सर्वाइनं मिळून एक पाठोलं हाय तुमच्या मोबाइलवर. भाऊले सांगू नोका. ते शेवटचे दोन मिन्टं खालीच राह्यतात ना, त्याच्यात टाका." मी विचारलं, तुम्हाला त्या दोन मिनिटांचं कसं माहीत. तो म्हणाला, "तांड्यावर त्यावक्ती कोनी उठत नाई, सर. सकरीबाई उठू देत नाई. म्हनते, कोनाचं तरी पोट्टं येनार असन, थांबा."

मी ते पाठवलेलं पाहिलं आणि मला फार आनंद झाला. बबनभाऊंसाठी कुणीतरी काहीतरी करतंय एवढंच माझ्या डोक्यात होतं. पत्रिका मीच लिहिलेली, पण त्या ओळीचा अर्थ त्या घटकेला मी विसरलो.

रविवारी बबनभाऊ सकाळपासून टेशनात येत-जात होते. खोली तीनदा झाडली. निळी चादर धुऊन वाळत घातली होती, ती दोनदा हात लावून पाहिली. बाराला खुशाली लागली आणि ते बाहेर पडले. मी एकेक घर लावत गेलो. बारा सत्तावन्नला फडावरचा शेवटचा माणूस आपल्या आईला स्वेटर घालायला सांगून गेला. बारा अठ्ठावन्नला मी निळ्याऐवजी मुकादमाचं लावलं.

उसाचा फड होता. माणसं ओळीने उभी होती, काहींच्या हातात कोयते, काहींच्या डोक्यावर मोळ्या. पहिला पुढे आला, नाव सांगितलं आणि विचारलं, "भाऊ, दिसून राह्यलं का?" मग दुसरा. मग एक बाई, कडेवर पोर. "भाऊ, दिसून राह्यलं का?" मग सकरीबाईचा मुलगा. पोरगेल्या नवरा-बायकोने मिळून विचारलं आणि बायको हसली. एकामागून एक सगळ्या टोळीने विचारलं.

बबनभाऊ तेव्हा तांड्याकडून परतून आमच्याच गल्लीत आले होते. न्हाव्याने मला नंतर सांगितलं, देशमुखांच्या खिडकीखाली ते थांबले. आत त्यांचंच वाक्य चालू होतं, वेगळ्या आवाजात. दोन पावलं टाकली तर पाटलांच्या घरातूनही तेच. हबीबभाईंच्या घरातूनही. त्या दिवशी सगळ्या गल्लीने टेशनच लावलं होतं. न्हावी म्हणाला की भाऊ मग पळत सुटले.

ते दारात आले तेव्हा अर्धं मिनिट उरलं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि आले ते सरळ स्टुलावर बसले. चक्क बसले. मुकादम सर्वांत शेवटी आला, टोपी काढली, "भाऊ, आमची खुशाली तुमच्यामुळं पोचली" म्हणाला, आणि संपलं. बबनभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.  मी म्हटलं, मुकादमाचीच कल्पना.

"लय चांगलं केलं पोराइनं," ते म्हणाले. "लय चांगलं केलं." मग त्यांनी भिंतीवरच्या पत्रिकेकडे पाहिलं, काळ्या शाईतल्या ओळीकडे. "पन सर, ते जागा त्याची होती. आज शेवटचा दिवस. आता त्यानं पाठोलं, तं कुठं लावाव?"

रागाचा लवलेश नव्हता आवाजात. मला मात्र कुणीतरी भर वर्गात उभं केल्यासारखं झालं. मी त्याच्या निवडीचा खोटा मजकूर लिहिला होता, आणि आज मीच त्याची जागाही दुसऱ्याला दिली होती.

घड्याळात एकाला काही सेकंद कमी होते. मी मुख्य ऑफिसला फोन लावला. मी आयुष्यात कुणा साहेबाकडे काही मागितलेलं नाही, बदलीसुद्धा नाही. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. साहेब म्हणाले, काय लावायचं राहिलंय. मी म्हटलं, काही नाही. निळा पडदा. साहेब हसले. म्हणाले, सर, निळ्या पडद्यासाठी दोन मिनिटं. मी म्हटलं, हो, त्यासाठीच, आणि माझा आवाज चढला. साहेबांनी तिकडे कुणालातरी थांबायला सांगितलं. मग म्हणाले, बरं, एक वाजून दोनला काढतो.

मी उठून भिंतीवरच्या पत्रिकेवर १.०० खोडलं आणि १.०२ केलं. मग निळा पडदा लावला.

बबनभाऊ स्टुलावर बसूनच होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, आवाज मोठा आहे का पाहिलं, आणि तो टेबलावर दोघांना दिसेल असा ठेवला. तांड्यावर नाईकाच्या ओट्यावरून अजून कुणी उठलं नसणार, सकरीबाईने उठू दिलं नसणार. गल्लीतून कुठल्याच घरातून आवाज येत नव्हता, निळ्याला आवाज नसतो. एक मिनिट गेलं. मोबाइल वाजला नाही. बबनभाऊ माझ्याकडे न बघता, पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सर, दिसून राह्यलं का?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला 'दिसतंय' म्हणून पुढे जात आलो होतो. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी खाली जमिनीवर बसलो.

"दिसून राह्यलं, भाऊ," मी म्हणालो. "साफ दिसून राह्यलं."